दस्त्यावरची चौकट

रंधामामांची आणि बंदुकीची पहिली भेट झाली तेव्हा मामांनी दोन्ही हात वर केले होते, एवढं डेपोतला कुणीही सांगेल. पुढचं मात्र प्रत्येक जण आपापल्या कुवतीप्रमाणे सांगतो. रंगखात्यातला जाड्या म्हणतो, मामा उडी मारून फळ्यांच्या थप्पीवर चढले आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत खाली उतरलेच नाहीत. फाटकावरचा पहारेकरी म्हणतो, मामा त्याच्या पाठीमागे लपले आणि त्याचा कमरपट्टा धरून त्यांनी अख्ख्या डेपोला तीन फेऱ्या घातल्या. खुद्द स्टोअरबाबूंचं म्हणणं असं की मामांनी उभ्या उभ्या मृत्युपत्र सांगायला घेतलं. पटाश्यांचा संच भाच्याला दिला, करवती शेजाऱ्याला दिल्या, आणि मामीचं नाव येईपर्यंत त्यांचा श्वास संपला.

एवढा आकांत ज्या हत्याराला भिऊन झाला, त्याला नळी नव्हती. चाप नव्हता. लोखंडाचा एक खिळासुद्धा नव्हता. बाबूंनी टेबलावर ठेवला होता तो बंदुकीचा नुसता दस्ता. म्हणजे खांद्याला टेकतो तो जाड भाग आणि नळी जिच्यावर निजते ती पुढची पट्टी, सगळं मिळून एक लांबोडकं लाकूड.

"भरलेली आहे का?" मामांनी हात तसेच वर ठेवून विचारलं.

"आहे की," बाबू म्हणाले, "वाळवीनं."

मामांना या गोष्टीची लाज कधी वाटली नाही. पुढे पुढे ते स्वतःच ती सांगायचे आणि पहारेकऱ्याच्या तीन फेऱ्यांच्या पाच करायचे. स्वतःवर हसायला मामा कायम तयार असत. सहा फूट उंची, हडकुळं अंग, कानामागे पेन्सिल, भुवयांवर लाकडाचा भुसा. देवाने माणूस घडवायला घेतला आणि नंतर विचार बदलून शिडी केली, असं मामी म्हणायची. डेपोत लागण्याआधी त्यांनी शाळेची बाकं केली होती, दवाखान्याची कपाटं केली होती आणि एका न्हाव्याला फिरती खुर्ची करून दिली होती. ती खुर्ची अजून फिरते, फक्त थांबत नाही.

डेपो म्हणजे गोदीमागची एक लांबच लांब पत्र्याची शेड. आत शिरलं की आधी ग्रीसचा वास यायचा, मग जवसाच्या तेलाचा, आणि सगळ्यात शेवटी पेट्यांतल्या कुजक्या गवताचा. युद्ध संपलं की माणसं घरी जातात, बंदुका जात नाहीत. मोठ्या युद्धानंतर त्या लाखांनी मागे उरल्या होत्या, आणि गल्लीतल्या एकुलत्या एका शिडीसारख्या त्या या घरून त्या घरी फिरत होत्या. जन्म एका बर्फाळ देशातला. दुसऱ्या देशाच्या चिखलात कुणाच्या तरी हातून पडली. तिसऱ्याने उचलली, वर आपला शिक्का मारला. त्याचं काम झाल्यावर चौथ्याला दिली. असं करत करत ती या शेडमध्ये यायची, तिची झाडपूस व्हायची आणि पाचव्या देशाचं नाव लिहिलेल्या पेटीत तिला पुन्हा निजवलं जायचं. मामा जन्मात गावाबाहेर दोनदा गेले होते, त्यातलं एकदा चुकून. पण त्यांच्या हाताखालून जाणारं एकेक लाकूड चार-चार समुद्र पाहून आलेलं असे.

लोखंडाचं काम दुसरे लोक बघत. लाकूड मामांकडे. कामाच्या कागदावर एकच ओळ असायची: पूर्वीच्या मालकांच्या खुणा नाहीशा करणे.

शिपाई माणूस तासन् तास बसून असतो आणि त्याच्या खिशात चाकू असतो. त्यामुळे त्या दस्त्यांवर काय काय कोरलेलं असायचं! नावं तर असायचीच, मामांना वाचता न येणाऱ्या नाना लिप्यांतली. कुणी दिवस मोजायला रेघा मारल्या होत्या. कुणी धूर निघणारं घर काढलं होतं. एकाने बाईचा चेहरा काढला होता आणि एक डोळा एवढा मोठा झाला होता की दुसऱ्याला जागाच उरली नव्हती. मामांना अक्षर कळत नसलं तरी हात कळायचा. हा डावरा होता. याचा चाकू बोथट होता. याला घाई नव्हती, यानं प्रत्येक वळण दोनदा घोटलंय. हा मात्र थरथरत होता. मग मामा रंधा घेत आणि डावरा, बोथट, निवांत आणि थरथरता, सगळ्यांना सारख्याच मायेने सोलून काढत. तो भुसा आणि त्या साली चहाच्या शेगडीत जात.

काही नावं फार खोल असत. तिथे रंधा चालवला तर दस्ताच बारीक व्हायचा. अशा वेळी तेवढा तुकडा पटाशीने कोरून काढायचा आणि त्या जागी दुसऱ्या लाकडाचं ठिगळ बसवायचं. मामांच्या उस्तादाने त्यांना शिकवलं होतं की ठिगळ असं बसावं, लाकडाची रेघ रेघेला अशी मिळावी, की खुद्द लावणाऱ्यालाही नंतर शोधावं लागावं. मामा तसं करू शकत होते. हजारो ठिगळं त्यांनी तशी लावली आणि ती खरोखरच कुणाला दिसली नाहीत. मामांचं दुखणं नेमकं तेच होतं. न्हाव्याची खुर्ची गावाला दिसते, शाळेचं बाक दिसतं. आणि आयुष्यातलं सगळ्यात कसबी काम कुणालाच दिसत नाही, म्हणजे काय?

मग त्यांनी एक आगाऊपणा केला. साहेबांच्या जेवणघरातल्या मोडक्या टेबलाचा शिसवी पाय त्यांच्याकडे पडून होता. त्याचे त्यांनी पत्त्यांतल्या चौकटीसारखे इवले काळे तुकडे कापले, आणि जिथे ठिगळ लागेल तिथे, पण अगदी मनासारखं जमलेल्या दस्त्यावरच, मध्यभागी एक चौकट बसवायची असं सुरू केलं. अंगठ्याच्या नखाएवढी. बाबूंनी विचारलं तर मामा म्हणाले, तिथे गाठ होती. बाबूंना लाकडातलं एवढंच कळत होतं की ते तरंगतं.

घरी मात्र मामांनी चौकटीचं वर्णन करून मामीला भंडावून सोडलं. आपलं काम आता परदेशी चाललं. अमुक देशाचा राजा परेड बघत असेल, समोरून पलटण जात असेल, आणि त्यातल्या एका शिपायाच्या गालाला आपली चौकट लागत असेल. बाबूंनीच सांगितलं होतं की या बंदुका मित्रदेशाला जातात, परेडसाठी आणि सरहद्दीवर उभं राहण्यासाठी. मामी म्हणायची, "यांची हजेरी जगात लागते आणि माझ्या ओट्याजवळचं स्टूल तीन पायांवर उभं आहे."

या घरात तिसरा माणूस म्हणजे भाचा. मामांची बहीण गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. तेव्हापासून तो मामा-मामींचाच. स्वतःचं मूल नसल्याची कसर मामांनी त्याच्यावर काढली. त्याला इतकी लाकडी खेळणी करून दिली की घरात माणसांना पाय ठेवायला जागा नव्हती. तो वाढला, दांडगा झाला, फौजेत भरती झाला. मामांनी त्याची ट्रंक स्वतः केली, लाकडाची, आणि ती उचलायला चार शिपाई लागले असं तो पत्रात लिहायचा.

आणि मग पलीकडच्या देशाशी लढाई जुंपली. पाच आठवडेच चालली, पण त्या पाच आठवड्यांत मामांनी एकही चौकट बसवली नाही. हात स्थिर राहत नव्हता. सहाव्या आठवड्यात भाचा परत आला. उजवा पाय गुडघ्याखाली वाकडा, हातात सरकारी काठी. सगळ्या गल्लीने त्याला डोक्यावर घेतलं. न्हाव्याकडे त्याला रांग नव्हती, बसमध्ये बायका उठून जागा देत. पलीकडच्या फौजेकडे जुन्या बंदुका होत्या, पण नेम चांगला होता, असं लोक एकमेकांना सांगत. स्वतः भाचा त्यातलं चकार शब्द बोलत नसे. कुणी विचारलंच तर पाण्याचा पेला मागायचा. शूर माणसं अशीच असतात, यावर गल्लीचं एकमत होतं.

चार महिन्यांनी डेपोत नव्या पेट्या आल्या. लढाईत पकडलेल्या, पलीकडच्या बंदुका. कामाच्या कागदावर तीच ओळ. मामांनी पहिली पेटी फोडली, गवत बाजूला केलं. सहा दस्ते उलटसुलट करून बाजूला ठेवले. सातवा हातात घेतला आणि अंगठा आपोआप एका जागी जाऊन थांबला. डोळ्यांआधी अंगठ्याला कळलं. चौकट.

आणि आता जे सांगायचं ते मामांनी पुढे कितीतरी दिवस कुणालाच सांगितलं नाही. त्यांना आधी आनंद झाला. आठ वर्षं ऊन-पाऊस खाऊन, कोण जाणे किती हातांतून फिरून, ठिगळ केसभर हललं नव्हतं. सरस धरून होता. मामा चक्क हसले. त्यांनी तो दस्ता खिडकीजवळ नेला, उजेडात तिरका धरला आणि बाबूंना हाक मारायला तोंड उघडलं. तेव्हा त्यांची नजर पेटीवर गेली, पेटी कुठून आली ते त्यांनी वाचलं, आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

त्या दिवशी त्यांनी सगळ्या पेट्या फोडल्या. चौकटी निघाल्या एक्केचाळीस.

बाबूंनी काहीच विशेष घडलं नसल्यासारखं समजावून सांगितलं. आपण बंदुका मित्राला दिल्या. मित्राचं राज्य पालटलं. नव्या राज्याने त्या आपल्या नव्या मित्राला दिल्या. त्या मित्राचा मित्र म्हणजे पलीकडचा. मामांनी विचारलं, म्हणजे आपणच आपल्या पोरांवर... बाबू म्हणाले, "मामा, मैत्रीच्या बाबतीत सरकार फार मोकळं असतं. चहा घ्या."

मामांनी चहा घेतला नाही. त्या सातव्या दस्त्यावरची चौकट ते पटाशीने उपटू लागले. ती निघेना. इतकं मन लावून बसवलेली, ती निघणार कशी? स्वतःच्या हाताचा एवढा राग त्यांना कधी आला नव्हता. अर्धा दिवस गेला, पटाशीचं टोक मोडलं, आणि वेळ फुकट घालवल्याबद्दल बोलणी बसली ती वेगळीच. बाकीच्या चाळीस तशाच राहिल्या. सातव्यावरच्या चौकटीच्या खाली पलीकडच्या कुणा पोराने आपलं नाव कोरलं होतं. ते मात्र मामांनी कामाप्रमाणे रंध्याने काढून टाकलं.

घरी आल्यावर त्यांना भाच्याचा पाय दिसला. तसा तो रोजच दिसत होता. पण आता तो घरात सगळीकडे होता. जेवताना समोर, सकाळी दाराशी, बूट घालताना. मामांची मान खाली जायची आणि खाली गेलेल्या मानेला पुन्हा पायच दिसायचा. बोलायची हिंमत नव्हती. मग त्यांनी जे येत होतं ते केलं. भाच्याला काठी करून दिली. ती जड वाटली म्हणून दुसरी केली. मग उन्हाळ्याची, मग बाहेर जायची, अशा सात काठ्या झाल्या. भाच्याला पाय ठेवायला तिरकी फळी केली, आंघोळीला खुर्ची केली. एका रविवारी तो उंबऱ्याला अडखळला, तर मामांनी घरातले सगळे उंबरे काढून टाकले. मग उंदीर हवे तसे येऊ-जाऊ लागले.

"आता भिंती तेवढ्या राहिल्यात," मामी म्हणाली. "त्याही सोलून काढा, म्हणजे त्याला वळावं लागणार नाही."

भाचा हे सगळं घेताना ओशाळा व्हायचा. पुरे म्हणायचा. सातवी काठी हातात घेताना तर त्याने मामांकडे बघितलंही नाही. मामांना वाटलं, याला कळलंय. दुसऱ्याच क्षणी वाटलं, कळलं असतं तर याने काठी फेकून मारली असती.

असं वर्ष गेलं असतं, दहा वर्षं गेली असती. पण गावच्या वाचनालयाच्या मंडळाला सत्कार करायची हुक्की आली. भाच्याचा फोटो वाचनालयात लावायचा, फोटोखाली शत्रूकडून पकडलेली एक बंदूक ठेवायची. बंदूक डेपोने द्यायची, चाप काढून, नळी बुजवून. मंडळींना त्यातही एक गोड कल्पना सुचली: ती पॉलिश करायची मामांनी, आणि रविवारी सगळ्यांसमोर भाच्याच्या हातात द्यायचीही मामांनीच. बाबूंनी ढिगातली दिसायला बरी बंदूक उचलून दिली. तिच्या दस्त्यावर चौकट होती. दिसायला बरी होती ती त्यामुळेच.

रविवारी सकाळी मामी ओट्याशी चहा करत होती. भाचा खुर्चीवर, पाय तिरक्या फळीवर. मामा नवा सदरा घालून आले आणि कापडात गुंडाळलेली बंदूक टेबलावर ठेवून उभेच राहिले.

"बस ना मामा."

"बसत नाही. आधी ऐकून घे. मग बस म्हणालास तर बसेन."

आणि त्यांनी सांगितलं. कापड काढून चौकट दाखवली. टेबलाचा पाय, मित्रदेश, मित्राचा मित्र, एक्केचाळीस, सगळं. कशाचाही विनोद केला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच एवढं लांब काही सरळ बोलले. शेवटी म्हणाले, "ती बघून मला आधी आनंद झाला. ठिगळ टिकलं म्हणून. तुझा पाय मला नंतर आठवला. हेही तुला कळायला हवं."

भाचा चौकटीकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. तो म्हणाला, "मामा, माझ्या पायाला गोळी लागलेली नाही."

मामांना समजेना.

"पेटी पडली. मी सरहद्दीच्या अलीकडे पार मागे, रेल्वेच्या यार्डात होतो. सामान उतरवत होतो. वरची पेटी सुटली. बुटांची होती. सगळे डाव्या पायाचे. कुणीतरी डावे-उजवे वेगळे भरले होते. लढाईत मी गोळीचा आवाजसुद्धा ऐकला नाही. स्टेशनवर उतरलो तेव्हा गल्ली हार घेऊन उभी होती. तू रडत होतास. मग कसं सांगायचं होतं?"

"मला माहीत होतं," मामी ओट्याकडे तोंड करूनच म्हणाली. "दवाखान्याचा कागद ट्रंकेत होता. धूळ झटकताना वाचला."

मामा खुर्चीत बसले. बस असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांच्या छातीवरून काहीतरी उतरलं, आणि ते उतरतंय हे बघून ते हसायलाही लागले. भाचाही हसला. डाव्या बुटांवरून दोघे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. इतके महिने ज्या पायापुढे मान खाली घातली तो पाय डाव्या बुटांनी मोडला होता. मामा निर्दोष होते, अगदी स्वच्छ. ते मामीकडे वळून म्हणाले, "ऐकलंस का? माझी नव्हती."

मामीने गॅस बंद केला.

"मग ती कुणाला लागली?" तिने विचारलं.

ती टोचून बोलत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. एक्केचाळीस होत्या, पाच आठवडे चालल्या होत्या; त्या काही परेडला नव्हत्या. मामांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. आतापर्यंत त्यांच्या लाजेला निदान एक घर होतं, एक ओळखीचा पाय होता, त्याला काठ्या करून देता येत होत्या. आता तीही सोय गेली. आणि तेवढ्यात त्यांना हेही उमगलं की आपल्या घरातला नाही एवढं कळताच आपण हसलो होतो.

भाच्याने पेला पुढे करून पाणी मागितलं.

दहा वाजता वाचनालयाचे लोक न्यायला आले आणि तिघेही गेले. नाही म्हणायला हवं होतं, हे तिघांनाही ठाऊक होतं, पण नाही म्हणायचं तर काय काय सांगावं लागेल हे डोळ्यांपुढे आलं आणि तिघांनी बूट घातले. मामांनी बंदूक भाच्याच्या हातात दिली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. भाच्याला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मी काही केलेलं नाही." या विनयावर सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. टाळ्या थांबेनात तसे मामा खिडकीबाहेर बघू लागले. तिथे फक्त भिंत होती.

सोमवारी मामांनी अर्ज लिहिला. आयुष्यातला पहिला. चार कागद फाडले. एकात कारण फार लांबलं, एकात कारणच राहिलं, एकात त्यांनी सवयीने वर रेखीव चौकट काढली होती. पाचव्या कागदावर एवढंच उरलं: बंदुकीच्या दस्त्यांचं काम मी यापुढे करणार नाही, त्याबद्दल जी शिक्षा असेल ती द्यावी. सही करताना त्यांचा हात बऱ्याच दिवसांनी स्थिर होता. नोकरी जाणार, हे मामीला सांगून झालं होतं. ती म्हणाली होती, "जाऊ दे. आधी स्टूल करा."

बाबूंनी अर्ज घेतला, वाचला नाही, वजनाखाली ठेवला. म्हणाले, बरं झालं आलात, तुम्हालाच बोलावणार होतो. लाकडी दस्ते बंद झाले. आता प्लॅस्टिकचे येणार, साच्यातून तयार. त्यावर कुणी काही कोरत नाही आणि कोरलं तर दस्ता बदलून टाकायचा, पाच मिनिटांचं काम. सुतार लागत नाही.

मामांची बदली फर्निचर विभागात झाली. निवृत्तीपर्यंतची अकरा वर्षं त्यांनी अडकलेले टेबलाचे खण सोडवले. अर्जाचं उत्तर आलं नाही. डेपोतून त्या बदलीच्या वर्षी आधीच्या दुप्पट बंदुका बाहेर गेल्या, कारण लाकूडकामात जाणारा वेळ वाचला होता.